बहुमतापुढे विरोधकांच्या हाती काय उरतं?

बहुमताचं सरकार आलं की विरोधकांनी पाच वर्षं नुसती बाकं बडवायची, हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कॅनडाचं बघा. 2011 मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला जेमतेम 40 टक्के मतं पडली, पण 308 पैकी 166 जागा मिळाल्या. समित्यांमध्येही त्यांचंच बहुमत. पुढच्या वर्षी अर्थसंकल्पाच्या नावाखाली चारशेहून जास्त पानांचं विधेयक आणलं आणि त्यात पर्यावरणाचे, मासेमारीचे कायदेही कोंबले. विरोधकांनी दुरुस्त्यांचा ढीग घातला, रात्रभर मतदान चाललं, खासदार बाकांवर पेंगले, आणि विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं! मतांच्या हिशेबात शून्य.

पण 2013 मध्ये सिनेटर (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) डफी यांनी सरकारकडून उचललेल्या वादग्रस्त खर्चाचं प्रकरण निघालं. ते पैसे परत करता यावेत म्हणून पंतप्रधानांच्या कार्यालयप्रमुखांनी त्यांना स्वतःच्या खिशातून 90,172 डॉलरचा चेक दिला होता. बातमी पत्रकारांनी फोडली, हे खरंच. मात्र ती तापत ठेवली विरोधी पक्षनेते मल्केअर यांनी. भाषणबाजी नाही, एका ओळीचे प्रश्न: कुणाला माहीत होतं, कधीपासून? वकिली उलटतपासणीच ती. लांबलचक प्रश्नाला बगल देता येते, अशा प्रश्नाला बगल दिली की ती सगळ्यांना दिसते.

आता यातली गंमत. 2015 मध्ये हार्पर गेले, पण मल्केअर यांचा एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पक्ष) 44 जागांवर घसरला. मलई खाल्ली तिसऱ्या क्रमांकावरच्या लिबरल पक्षाने, 34 वरून थेट 184.