गोळी चालू असताना पाळी जात आलीय, हे तुम्हाला कसं कळलं?

मैत्रिणींनो, सुरुवात मीच करते. वय ४८, अकरा वर्षं गर्भनिरोधक गोळी. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी रक्तस्राव. घड्याळ लावून घ्यावं असा. त्यामुळे रात्री घामाने उशी भिजायला लागली तेव्हा 'पाळी तर वेळेवर येतेय' म्हणून मेनोपॉज डोक्यातही आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती पाळी नव्हेच. गोळी थांबली की अस्तर सुटतं, एवढंच. अंडाशय काय करतंय ते त्यावरून कळणार कसं?" मग तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या. घाम, डोकेदुखी आणि रडू, सगळं सुट्टीच्या आठवड्यातच! उरलेले तीन आठवडे गोळीतलं इस्ट्रोजेन सांभाळून घेत होतं, आणि ते थांबलं की उघड्यावर. तेव्हापासून मी रक्त कधी आलं यापेक्षा त्रास कधी होतो ते बघते. तुमचं काय?

* * *

माझी गोष्ट उलटी. माझ्याकडे हॉर्मोनवाली टी. (सगळे तिलाही कॉपर-टीच म्हणतात, तिच्यात तांबं औषधालाही नसतं.) चार वर्षं पाळीच नाही, म्हणजे बंद झाली की टीमुळे थांबली, ओळखायचं कशावरून? पण या टीमध्ये इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे माझ्या वाफा (अंगात अचानक उसळणारी उष्णता) झाकल्या गेल्या नाहीत. छातीतून उसळून कानापर्यंत यायच्या, भर मीटिंगमध्ये. त्याहून वाईट म्हणजे शब्द सापडेनात. एकदा 'चमचा' आठवेना, "ते ढवळायचं दे" म्हणाले. सांधे धरायचे, झोप तीनला उडायची. मी दोष देत होते नोकरीला. ५१ व्या वर्षी रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन, पाळी जाताना ते वाढतं) तपासलं, ३० च्या वर आलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक वर्ष टी राहू द्या, मग काढू. निदान मी वेडी होत नाहीये, हे कळल्यावर बरं वाटलं.

* * *

ताई, एफएसएचचं तुमचं जमलं कारण तुमच्या टीत इस्ट्रोजेन नाही. मी मिश्र गोळीवर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेली) असताना हट्टाने तीच तपासणी करून घेतली. 'नॉर्मल' आली आणि मी वर्षभर निर्धास्त. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मिश्र गोळी एफएसएच दाबूनच ठेवते, त्या आकड्याला अर्थ नाही. आणि गंमत ऐका, त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला लावलं तर माझा थायरॉइड निघाला! धडधड, घाम, चिडचिड, सगळं मी मेनोपॉजच्या खात्यावर टाकलं होतं. त्याचं औषध सुरू झाल्यावर बरंचसं थांबलं.

* * *

तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर होते, पाळी कधीचीच बंद. मला कळलं ते कोरडेपणावरून. नवऱ्याजवळ जायचं टाळायला लागले, लघवीला जळजळ वारंवार. दोन वर्षं कुणाला बोलले नाही, लाज वाटायची. त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

* * *

मी शहाणपणा केला. ४६ व्या वर्षी 'आता काय व्हायचंय' म्हणत गोळी परस्पर सोडली. दोन महिने पाळी नाही, मळमळ. घरच्या घरी चाचणी करेपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. निगेटिव्ह निघाली, पण डॉक्टरांनी सुनावलंच: पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष तरी काळजी घ्यायची. मेनोपॉजसाठी देतात ती एचआरटी गर्भ राहू देत नाही असं मला वाटायचं. तसं नसतं.

* * *

सगळंच मेनोपॉजवर ढकलू नका, एवढंच सांगते. मी ५२ ची, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीवर. अधूनमधून डाग पडायचे, 'जाता जाता होतंच' म्हणून सहा महिने घालवले. सोनोग्राफीत गर्भाशयात पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, दिसला. साधाच होता, काढला. पण ते सहा महिने घालवायला नको होते.

* * *

ज्यांना सुट्टीच्या आठवड्यात त्रास होतो, त्यांनी बीपी मोजून घ्या. माझं वाढलेलं निघालं, म्हणून मिश्र गोळी लगेच बंद करून बिनइस्ट्रोजेनची दिली. सिगारेट ओढणाऱ्या बायकांना तर ती पस्तिशीनंतर देतच नाहीत म्हणे, आणि डोळ्यापुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्यांना कुठल्याच वयात नाही. गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत वाफा दिवसाढवळ्या सुरू! म्हणजे त्या आधीही होत्याच, झाकलेल्या.

* * *

उद्या माझी अपॉइंटमेंट आहे. काय काय नेऊ? आत गेले की सगळं विसरते मी.

* * *

अगं, गोळीचं पाकीट ने, आणि कॅलेंडर. विसरण्याचंही त्यावर लिहून ठेव.