सल्ला हवा : नोकरी सांभाळून पदवी, नाशिकचं मुक्त विद्यापीठ की दिल्लीचं इग्नू?

पतसंस्थेतली : साताऱ्याला पतसंस्थेत क्लार्क आहे. बारावी कॉमर्स, लग्नानंतर शिक्षण सुटलं. शाखाधिकारी व्हायचं तर पदवी लागते, कुठलीही चालते. वर्षाला दहा हजारांच्या वर झेपणार नाही. वेळ फक्त रविवारी. मराठी माध्यम असेल तर बरं.

कोथरूडकर : सरळ ऑनलाइन एमबीए करा. माझं दीड लाखात झालं, पगारही वाढला.

गोदाकाठ : अहो, त्या बारावी आहेत! आणि दहा हजार लिहिलंय, वाचा तरी. ताई, मुक्तचं बीकॉम घ्या, पुस्तकं मराठीत मिळतात. इग्नूत बहुतेक हिंदी नाहीतर इंग्रजी.

रोखठोक : मुक्तची डिग्री कोण विचारतंय?

गोदाकाठ : का नाही विचारणार? १९८९ पासूनचं राज्याचं विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. माझा भाचा त्याच पदवीवर एमपीएससीतून लागला.

रोखठोक : भाचा हुशार असेल.

नाइटशिफ्ट : मी इग्नूवाला. स्वाध्यायांना ३० टक्के वजन, ते वेळेत जमा करा. ड्युटीवरून येऊन हाताने पानंच्या पानं लिहायची, बोटं आखडायची. पण तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी करता येते, हे नोकरदाराला सोयीचं.

सहकारमित्र : पतसंस्थेत आहात तर जीडीसीए, म्हणजे सहकार आणि लेख्याची सरकारी पदविका, करा. तिथे त्यालाच मान.

वसुधाताई : त्याला आधी पदवी लागते हो! ताई, पैसे भरण्याआधी यूजीसीच्या डीईबीच्या (दूरशिक्षण विभाग) साइटवर त्या कोर्सला यंदाची मान्यता आहे का बघा. मला एका एजंटने भलत्याच विद्यापीठाची पावती टेकवली होती, पैसे गेले ते गेलेच. आणि अभ्यासकेंद्र नुसतं घराजवळचं म्हणून घेऊ नका. रविवारी तिथे खरंच तास होतात का, ते आधीच्या बॅचच्या मुलांना विचारा.

कोथरूडकर : मुक्तचं बीकॉमच बरं. मीही तेच म्हणत होतो.

गोदाकाठ : कधी?

पतसंस्थेतली : सगळ्यांचे आभार. वसुधाताई, केंद्रावर जाऊन विचारून आले, तास होतात. मुक्तलाच प्रवेश घेतला, पण बीएला, मराठी घेऊन. आठवडाभर खतावण्याच बघते, रविवारीही त्याच नकोत. बीए चालतं ना, हे साहेबांना परत विचारून घेतलंय.

रोखठोक : बीए करून काय होतं?