मदत हवी आहे: प्लेसमेंटच्या प्रत्येक दिवसाची डायरी लिहिते, तरी शेरा येतो 'यात चिंतन कुठे आहे?'

नवखी_ताई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय.

बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष चालू आहे. आठवड्यातले तीन दिवस तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गावर प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातला सराव, आणि दोन दिवस लेक्चर. प्लेसमेंटच्या प्रत्येक दिवसाची रिफ्लेक्टिव्ह डायरी, म्हणजे काय घडलं आणि त्यावर आपण काय विचार केला याची नोंद, लिहायची असते. चार आठवडे इमानेइतबारे लिहिली. मॅडमनी वही परत दिली तर जवळजवळ प्रत्येक पानावर लाल पेनाने तेच: 'हे वर्णन झालं. चिंतन कुठे आहे?'

नमुना देते, म्हणजे कळेल.

'आज ठोकळ्यांच्या कोपऱ्यात चार मुले खेळत होती. मूल क बाजूला उभे होते. त्याला खेळायला प्रोत्साहन दिले, पण त्याने प्रतिसाद दिला नाही. नंतर गोष्ट सांगितली. मुलांनी आनंद घेतला. आजचा दिवस खूप काही शिकवून गेला.'

(शेवटचं वाक्य सगळ्याच पानांवर आहे हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं. असो.)

चिंतन टप्प्याटप्प्याने कसं करायचं ते सांगणारं गिब्जचं १९८८ चं चक्र शिकवून झालंय. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. सहाही टप्पे तोंडपाठ आहेत. पण लिहायला बसलं की फॉर्म भरल्यासारखं होतं. भावना: छान वाटलं. मूल्यमापन: छान झालं. पुढे काय लिहिणार?

दुसरं म्हणजे, दिवसभर मुलांमागे फिरून संध्याकाळी डोकं चालत नाही. मग रविवारी तिन्ही दिवसांचं एकदम लिहिते, आणि तोवर मंगळवारचं भांडण गुरुवारच्या भांडणात मिसळलेलं असतं. दोन आठवड्यांनी याच नोंदींवर असाइनमेंट आहे. तुम्ही लोक कसं जमवता?

खडूफळा

मी वर्गावर आहे आणि दरवर्षी तुमच्यासारख्या दोघीतिघी माझ्याकडे प्लेसमेंटला येतात, म्हणून लिहिते.

आधी तो रविवार बंद करा. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते. विसरण्याचा सपाटा पहिल्या काही तासांतच सगळ्यात मोठा असतो, हे त्यातून दिसलं. तुम्ही तर पाच दिवसांनी लिहिताय! खिशात मावेल एवढी वही ठेवा आणि तिच्यात फक्त वेळ, कृती आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपा. '१०.२०, क, ठोकळे, "पडेल आता".' एवढ्यावरून रात्री सगळा प्रसंग उभा राहतो. मात्र मुलं हाताशी असताना वहीत मान घालायची नाही. नोंद दहा मिनिटांनी केली तरी चालते, नजर हटलेली चालत नाही. मुलांची नावं नकोतच. तुम्ही 'क' लिहिलंय ते बरं केलंत.

आता तुमचा परिच्छेद. 'प्रोत्साहन दिले' म्हणजे नेमकं काय केलंत? कुठे उभ्या होतात, काय बोललात?

नवखी_ताई

ताई, आठवून लिहिते. मी त्याच्या मागे उभी होते. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हटलं, 'जा ना, खेळ ना त्यांच्याशी, बघ किती मज्जा करतायत.' तो हलला नाही. मग मी जरासं पुढे सरकवलं. सरकवलं काय, ढकललंच. तो वळला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

आणि मी लिहिलं 'प्रतिसाद दिला नाही'.

खडूफळा

टेबलाखाली जाऊन बसला, आणखी काय प्रतिसाद द्यायचा त्याने!

मॅडमचा शेरा त्यावरच आहे. तुमच्या नोंदीत मुलं आहेत, ठोकळे आहेत, गोष्ट आहे, फक्त तुम्ही नाही आहात. 'दिले', 'सांगितली' असं म्हणत तुम्ही मागच्या दाराने निघून जाता.

आणखी एक. पार्टन नावाच्या संशोधक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले, त्यात 'बघ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे. असं मूल खेळाच्या जवळ थांबतं, लक्ष देऊन बघतं, मध्येच काही विचारतं, पण आत शिरत नाही. कशातच नसलेलं, इकडेतिकडे भटकणारं मूल वेगळं, त्याचा प्रकारही वेगळा. तुमच्या 'बाजूला उभे' या दोन शब्दांत दोन्ही मुलं बसतात. तो नक्की कुठे बघत होता?

नवखी_ताई

माहीत नाही. मी त्याच्या मागे होते ना. चेहरा दिसलाच नाही.

काठावर_पास

अगं, मी दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी माझ्या वहीवरही हाच शेरा होता. मी काय करते सांगते. पान मधोमध उभं दुमडायचं. डावीकडे फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं ते. 'ठोकळा फेकला' डावीकडे, 'रागावला' उजवीकडे. उजवी बाजू त्याच दिवशी भरायची नाही, दुसऱ्या दिवशी. रात्रभरात आपल्याच मताबद्दल शंका यायला लागते आणि तीच लिहायची असते. रोज सगळ्या दिवसाची जंत्री नको, खटकलेला एकच प्रसंग घे. गिब्जची शीर्षकं मी सगळ्यात शेवटी समासात टाकते. बहुतेक वेळा चारपाच टप्पे आपोआप आलेले असतात. राहिलेला 'विश्लेषण' असतो, मग पुस्तक उघडायचं.

असाइनमेंटसाठी: नोंद वाचताना एखादा सिद्धांत आठवला तर तिथेच समासात नाव आणि साल टाकून ठेव. आदल्या रात्री शोधत बसायला नको.

आणि 'पुढच्या वेळी अधिक संयम ठेवीन' असलं काही लिहू नकोस. मार्कांसाठी आम्ही सगळ्यांनीच लिहिलंय ते. 'पुढच्या वेळी दोन मिनिटं शेजारी बसेन, बोलणार नाही' असं लिही, म्हणजे केलं की नाही ते कळतं.

रिकामटेकडा

लिहायचा कंटाळा येत असेल तर घरी जाताना फोनवर बोलून रेकॉर्ड करा की.

खडूफळा

कल्पना चांगली आहे, पण बसमध्ये नको. मागच्या सीटवर त्याच मुलाची आजी बसलेली असते!

नवखी_ताई

चार दिवसांनी लिहितेय. आज क पुन्हा तिथेच उभा होता. यावेळी मी शेजारी जमिनीवर बसले, चेहरा दिसेल अशी. ठरवलं होतं तसं गप्प राहिले. फार अवघड गेलं, दोनदा तोंड उघडलं होतं. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'खालचा छोटा आहे. पडणार.' थोड्या वेळाने मनोरा पडला. त्याने मान हलवली आणि दुसरीकडे निघून गेला.

डावी बाजू लिहून झालीय. उजवीकडे सध्या एवढंच आहे: 'त्याला खेळायचं नाही असं मी ठरवलं होतं. कशावरून?'

एक विचारू का? ढकलल्याचं डायरीत लिहू? मार्क जातील अशी भीती वाटते.

खडूफळा

लिहा. पण वही मॅडमकडे जाण्याआधी उद्या सकाळी वर्गाच्या ताईंना तोंडी सांगा.