आईच्या पेटीतला ऑपरेशनचा कागद: तुमच्या घरातल्या बायकांनी कसं ठरवलं?

सुमन_खटाव
आईला जाऊन वर्ष होत आलं. काल तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत पिवळा पडलेला कागद निघाला, कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा. फेब्रुवारी 1981. मी तेव्हा आठ महिन्यांची, पाच पोरींतली शेवटची. आजीला नातू हवा होता आणि वडील आजीपुढे बोलायचे नाहीत. आई माहेरच्या यात्रेला जाते म्हणून मला काखेत घेऊन निघाली आणि शिबिरात टाके घालून आली. नवऱ्याच्या सहीच्या जागी माझ्या मामाची सही आहे!

आम्हाला वाटायचं, माझ्यानंतर देवानंच दिलं नाही. आजी मरेपर्यंत नवस बोलत होती आणि त्या नवसाचे उपास आई मुकाट करत होती. वडिलांना कळलं असणारच, तेही कधी बोलले नाहीत. कालपासून अभिमान वाटतोय आणि रडूही येतंय. तुमच्या आया, सासवा, तुम्ही स्वतः... लिहा गं.

वैजू
काटा आला अंगावर. माझ्या सासूबाईंचं सांगायचंय, पण तवा तापलाय. रात्री लिहिते.

सिस्टरबाई
31 वर्षं उपकेंद्रात काढली. बायका थंडीत यायच्या. सुगी आटपलेली असायची आणि उन्हाळ्यात टाके चिघळतात हे त्यांना पक्कं ठाऊक. मार्च जवळ आला की ऑपरेशनच्या टार्गेटपायी आम्हाला झोप नसायची. 1996 ला टार्गेट काढलं, तरी आकडे विचारणं काही थांबलं नाही.

तांबीला (कॉपर-टीला) फार घाबरायच्या. "वर चढते, काळजाला चिकटते." आम्ही हसायचो. पुढं कळलं, त्यांच्याच वाडीतल्या एकीला तांबी बसवल्यावर तीन महिने अंगावरून जात होतं आणि परत कुणी तपासलंच नव्हतं. भीती तिथून आली होती. आम्ही हसायला नको होतं.

आणि सहीचं म्हणाल तर आता नवऱ्याची लागत नाही, बाईची स्वतःची संमती पुरते. शिकलेल्या घरांतही हे माहीत नसतं.

गोदाकाठ
आमची आई ऊसतोडीला जायची, बीडकडची. दोन पोरं झाली, बाविसाव्या वर्षी ऑपरेशन. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली. बाईला दिवस गेले की कोयता मोडला. टाके ओले असताना मोळ्या वाहिल्या तिनं. पस्तिशीत गर्भपिशवीपण काढली. 2019 ला बीडच्या पिशव्यांच्या बातम्या टीव्हीवर लागल्या तेव्हा म्हणली, "आमाला कुणी इचारलं व्हतं का, दुसरं काय पायजे म्हून?" गोळ्या, तांबी तिला कुणी दाखवलंच नाही. आता कंबर धरून बसती दिवसभर. जास्त लिहीत नाही.

निमा
गोदाकाठ, आईंना सांभाळा. पिशवी लवकर काढली की हाडं ठिसूळ होऊ शकतात, एकदा दाखवून घ्या.
सुमनताई, वडूजकडच्या का? माझं माहेर मायणी.

सुमन_खटाव
हो गं! शाळेची सहल मायणीच्या तलावावरच यायची आमची.

निमा
रोहित पक्षी बघितलेत का मग? तलाव आटला की येत नाहीत. भावाला विचारते यंदा पाणी आहे का.

बांधावरचा
पुरुषानं लिहिलेलं चालेल ना? मी 2014 ला बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. बायकोची दोन्ही सिझर, तिसऱ्यांदा परत तिच्याच पोटावर कशाला? अर्ध्या तासात मोकळा झालो. पुढे तीन महिने काळजी घ्यायची आणि तपासणी करून घ्यायची, विसरू नका. आईनं महिनाभर पोतं उचलू दिलं नाही, "ताकद जाती."

आजोबा सांगायचे, आणीबाणीत जीपचा आवाज आला की माणसं ज्वारीत लपायची. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात पुरुषच जास्त. त्या धास्तीनंतर पुरुषांनी अंग काढून घेतलं ते कायमचंच. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांचं ऑपरेशन 38 टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांचं 0.3. मला हे फार लागतं.

वैजू
आले. सासूबाईंना सात झाली, जगली चार. मी पहिलीनंतर तांबी बसवली, घरात न सांगता. ओटीपोट दुखत होतं म्हणून पडले होते, त्यांनी ओळखलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. तर उशाशी बसल्या. "अंगावर पाजतीय तवर ऱ्हात न्हाई म्हणायच्या, त्याच भरवशावर मला तीन ऱ्हायली. तुला गावलंय तर ऱ्हाऊ दे. त्याला सांगू नगंस." नवऱ्याला माहीत होतं, पण मी म्हणाले, नाही सांगत. तेवढं एक गुपित आमच्या दोघींचं राहिलं.

सिस्टरबाई
वैजू, पाजण्याचा भरवसा पहिले सहा महिनेच. तेही बाळ निव्वळ अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल तरच. वरचं सुरू केलं की संपलं.

आशाताई_माण
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. आमच्याकडं आता दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन चालतं, दर तीन महिन्यांनी. घरात पाकीट नाही, डबा नाही, कुणाला दिसत नाही, म्हणून बायकांना आवडतं. पण पाळी लांबली की घाबरून सोडतात, "घाण आत साठती." मी आधीच सांगते, लांबेल, कधी येणारच नाही, त्यानं काही साठत नाही. आधी सांगितलेलं असलं की टिकतात. त्यासाठीच्याच छायाच्या गोळ्या पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. एकजण बाजारच्या दिवशी घेते, म्हणजे विसरत नाही. निरोध मागतात त्यासुद्धा बायकाच, पदराखालून हात पुढं करून.

सुमन_खटाव
मामाला फोन केला. सत्तरी उलटलीय, ऐकायला कमी येतं. दोनदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, "तिनं कागद पुढं केला, मी सही केली. परतीच्या बैलगाडीत दोन पोती गवत अंथरलं, हिसका बसू नये म्हणून." मग बराच वेळ बोललाच नाही. फोन ठेवताना विचारलं, "कागद ठेवलाय न्हवं नीट?"

निमा
भाऊ म्हणतो, पाणी आहे यंदा. दिवाळीत या सुमनताई, कागद घेऊन या.