बंद गॅरेजच्या सफाईसाठी बॅटरीवरचा ब्लोअर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

सहकारनगरकर (धागाकर्ता)

आमच्या जुन्या बंगल्याचे गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल आहे. त्याला तीन बाजूंनी भिंती आहेत, रस्त्याकडे चॅनल गेट आहे आणि खाली शहाबादी फरशी आहे. गेटासमोरच सोनमोहराचे मोठे झाड असल्यामुळे पानगळीत त्याची बारीक पाने आणि उन्हाळाभर पिवळ्या पाकळ्या गेटाच्या फटींतून आत येत राहतात. खराट्याने वरचा कचरा निघतो, पण तांदळाच्या दाण्याएवढी ती पाने फरशीच्या सांध्यांत, रॅकखाली आणि गाडीच्या चाकांमागे अडकून बसतात, आणि एकसष्टाव्या वर्षी वाकून ती काढताना माझी कंबर धरते. म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी बॅटरीवर चालणारा ब्लोअर घेतला. सहा महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की घरच्या गॅरेजसाठी हे यंत्र योग्य आहे, मात्र ते निवडताना आपण भलतेच आकडे पाहत बसतो.

दुकानात सर्वांत आधी व्होल्ट सांगितले जातात. तपकीर गल्लीत एका दुकानदाराने मला ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले यंत्र 18 व्होल्टवाल्यापेक्षा ताकदीचे म्हणून दाखवले. प्रत्यक्षात दोन्हींच्या बॅटरीत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचे 3.6 व्होल्ट धरले की बेरीज 18 होते, आणि नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे 4 व्होल्ट धरले की तीच बेरीज 20 होते. या दोन व्होल्टांसाठी कुणी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

पाहायची असते ती हवा. एकाच 18 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी दोन जातींची यंत्रे मिळतात. अरुंद नळीचे यंत्र मिनिटाला साधारण 3 घनमीटर हवा फेकते, पण त्या हवेचा वेग सेकंदाला 90 मीटरच्या पुढे असतो. रुंद नळीचे, मुळात बागेसाठी केलेले यंत्र मिनिटाला 10 घनमीटरहून जास्त हवा फेकते आणि वेग मात्र सेकंदाला 50 मीटरच्या आसपास असतो. (खोक्यावर बहुधा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असे लिहिलेले असते, साधारण 35 सीएफएम म्हणजे मिनिटाला एक घनमीटर.) अंगणातला पानांचा ढीग पुढे लोटायला रुंद नळी हवी हे खरे, पण तीन बाजूंनी बंद असलेल्या जागेत तेवढी हवा मागच्या भिंतीवर आपटून कचऱ्यासकट आपल्याच अंगावर येते. सांध्यात रुतलेले पान उचकटायला अरुंद, जोरकस झोत लागतो आणि तो बोटाच्या दाबाने कमी-जास्त करता यायला हवा. ट्रिगरवर वेगाचे नियंत्रण नसलेले यंत्र गॅरेजसाठी घेऊच नये, असे मी ठामपणे सांगेन.

बॅटरीचे गणित सोपे आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-तास म्हणजे 36. पूर्ण वेगात असे यंत्र 300 ते 400 वॉट ओढत असेल तर ही बॅटरी पाच ते सात मिनिटांत संपते. 4 अँपिअर-तासांची घेतली तर वेळ दुप्पट मिळतो, पण हातातले वजनही वाढते. माझे गॅरेज निम्म्या वेगाने चार मिनिटांत होते, त्यामुळे मला लहान बॅटरी पुरते. घरात आधीच कॉर्डलेस ड्रिल असेल तर त्याच कंपनीचे, तीच बॅटरी बसणारे नुसते यंत्र घ्यावे. खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो.

तळमजला, कर्वेनगर

तुमचे गणित नीट समजले, तरीही मी या यंत्राच्या विरोधात आहे, आणि त्याचे कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आमच्या सोसायटीत इमारतीखाली सामायिक पार्किंग आहे आणि आमची ती खिडकी थेट पार्किंगकडे उघडते. वरच्या मजल्यावरच्या एका सभासदांनी असाच ब्लोअर घेतला आहे. दर रविवारी सकाळी ते आपल्या गाडीची जागा लख्ख करतात, आणि त्यानंतर मी काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरून ओले फडके फिरवले की फडक्यावर तपकिरी पट्टा उमटतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला दमा आहे. रविवारचा नाश्ता आम्ही खिडक्या लावून करतो.

पान जड असते, ते उडते आणि दोन हातांवर जाऊन पडते. त्याच्याखालची बारीक धूळ तशी पडत नाही. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला काही मिनिटे घेतो, तर 2.5 मायक्रॉनच्या कणाला अर्धा ते दीड तास लागतो, आणि मोकळ्या हवेची झुळूक असेल तर तो खाली येतच नाही. पार्किंगमधली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात टायरची झीज असते, ब्रेकची पूड असते, पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेचा चुरा असतो. खराटा ही धूळ फारतर गुडघ्यापर्यंत उडवतो. सेकंदाला 90 मीटरचा झोत तिला पहिल्या मजल्यापर्यंत नेतो.

आवाजाचेही पाहावे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा दिलेली आहे. छताखाली, चार खांबांमध्ये हे यंत्र जे किंचाळते ते त्याच्या कितीतरी वर जाते.

सहकारनगरकर

तुमच्या मुलाविषयी वाचून मला खरोखर वाईट वाटले, आणि सामायिक पार्किंगमध्ये, कुणाच्या खिडकीखाली हे यंत्र चालवू नये हे मी विनाअट मान्य करतो. माझा धागा स्वतंत्र गॅरेजपुरता आहे हे मी पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहायला हवे होते.

डेसिबलबाबत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. नियमातली 55 ही मर्यादा परिसरातल्या सरासरी आवाजाची आहे. एखाद्या यंत्राशेजारी उभे राहून मोजलेल्या आवाजाची ती मर्यादा नव्हे, त्यामुळे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. अर्थात रविवारी सकाळी शेजाऱ्याला त्रास होतो की नाही, हे कळायला मीटर लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.

धुळीचा तुमचा मुद्दा मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या चॅनल गेटातून उन्हाच्या पट्ट्या आत येतात. मी मागच्या भिंतीला पाठ लावून, झोत गेटाकडे धरून काम करतो. पाने फरशीवरून सरपटत बाहेर जातात आणि जागा स्वच्छ झाल्यासारखी वाटते. पण यंत्र बंद करून थांबले की त्या उन्हाच्या पट्ट्यांत धूळ गिरक्या घेताना दिसते, आणि पंधरा मिनिटांनंतरही ती तिथेच असते. म्हणून मी एन-95 मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय यंत्र हातात घेत नाही आणि त्यानंतर अर्धा तास गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाही. गाडीही आधी बाहेर काढतो, कारण झोताने उडालेली वाळू रंगावर ओरखडे पाडते.

नाना पेठ, दुचाकी वर्कशॉप

वीस वर्षे मी रोज ब्लोअर वापरतो आहे, त्यामुळे ब्लोअरला माझा विरोध नाही. माझा विरोध बॅटरीला आहे. दहा बाय अठराच्या जागेत भिंतीवर एक प्लग असतोच. पाच मीटरची वायर आणि 600 वॉटचा साधा वायरवाला ब्लोअर बॅटरीवाल्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो, तो मध्येच दम टाकत नाही, आणि मोटरमधले कार्बन ब्रश झिजले तर कोपऱ्यावरचा रिपेअरवाला ते बदलून देतो. बॅटरीवाल्या यंत्रात निम्मी किंमत बॅटरीची असते आणि ती वापरा अगर न वापरा, म्हातारी होतेच.

मी एकदा हौसेने बॅटरीवाला घेतला होता. पत्र्याच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगून, कायम फुल चार्ज करून ठेवला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी दोन मिनिटांवर आली. नवी आणायला गेलो तर त्या आकाराची बॅटरी कंपनीने बंद केलेली होती. चांगल्या मोटरचे ते यंत्र आजही फळीवर पडून आहे. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी सर्वांत वाईट असते, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते. ज्यांना बॅटरीवालाच घ्यायचा आहे त्यांनी ती घरात, सावलीत आणि अर्धवट भरलेली ठेवावी, आणि वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या वायरवाल्यालाही लागू आहेत. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलाही ब्लोअर चालू करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, आणि कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणगी पडतच असते. दुसरे म्हणजे, ब्रेकच्या ड्रमवर झोत मारू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक असे बारीक खनिज तंतू, असायचे. ती पूड फुंकून उडवायची नसते, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हे सांगतो.

तळमजला, कर्वेनगर

ब्रेकच्या पुडीबद्दल तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. मग एक विचारते: तुमच्या वर्कशॉपची फरशी तुम्ही रोज ब्लोअरनेच झाडता का?

नाना पेठ, दुचाकी वर्कशॉप

नाही. ब्लोअर फक्त इंजिनच्या फिन्स आणि एअर फिल्टरच्या खोक्यासाठी आहे. फरशीवर आम्ही लाकडाचा भुसा किंचित ओला करून पसरतो आणि मग झाडतो. भुसा धूळ आणि सांडलेले तेल दोन्ही धरून ठेवतो आणि काही उडत नाही. टिंबर मार्केटमधल्या वखारीतून पोते आणले की दोन-तीन महिने जाते.

बाणेर, रो-हाउस

ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर कुणीच कसा सुचवला नाही? धूळ उडवण्याऐवजी ओढून घेतली की शेजाऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. माझ्याकडे वीस लिटरचा आहे. वाळलेल्या मोठ्या पानांनी त्याची नळी तुंबते आणि फिल्टर दर वेळी झटकावा लागतो, पण ओट्यावर तपकिरी पट्टा तरी उमटत नाही. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत नळी उलट बाजूला जोडली की हवा बाहेरही फेकता येते, म्हणजे सांधे मोकळे करण्याचे कामही होते.

सहकारनगरकर

व्हॅक्यूमचा विचार मी केला होता. त्याचे धूड घेऊन रॅक आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत मला वळता येत नाही, म्हणून तो मागे पडला. ज्यांचे गॅरेज मोकळे आहे त्यांच्यासाठी तो उत्तम ठरेल.

वायरवाल्याचा हिशेब मला पटतो, पण आमच्या गॅरेजमधला एकुलता एक प्लग गेटाजवळ आहे आणि काम मागच्या भिंतीपासून सुरू करायचे असते. वायर चाकांत आणि सायकलच्या पेडलमध्ये अडकून मी एकदा पडता पडता वाचलो आहे. या वयात माझ्यासाठी तेवढे कारण बॅटरीवाल्याच्या बाजूने पुरेसे आहे.

भुशाचा प्रयोग मात्र मी कालच करून पाहिला. घमेलेभर भुसा, त्यावर दोन तांबे पाणी, हाताने कालवून फरशीवर पसरला आणि मागून पुढे खराट्याने ओढत आणला. भुशाचा ढीग काळपट होऊन बाहेर आला आणि उन्हाच्या पट्टीत या वेळी जवळजवळ काहीच तरंगताना दिसले नाही. आपल्या आजी-आया अंगण झाडण्याआधी सडा का टाकत असत, ते पुन्हा एकदा नीट कळले. सांध्यांतली पाने मात्र तशीच राहिली, उलट ओलीमुळे आणखी घट्ट बसली. फरशी वाळू दिली आणि मग ब्लोअर सर्वांत कमी वेगावर ठेवून, नळी सांध्यापासून वीतभर अंतरावर धरून फक्त सांध्यांवरून फिरवला. तीन मिनिटे पुरली. वरची धूळ आधीच गेलेली असल्यामुळे उडाली ती पानेच. यंत्र निवडण्याबद्दलचे माझे मत तेच आहे, पण ते खराट्याच्या आधी हातात घेणे मी आजपासून सोडले आहे.

तळमजला, कर्वेनगर

तुमच्या गॅरेजमध्ये, या क्रमाने आणि गाडी बाहेर काढून, माझी हरकत नाही. आमच्या पार्किंगसाठी मात्र ती कायम आहे; तिथे ओला भुसा किंवा व्हॅक्यूम एवढेच चालेल, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. वखारीतला भुसा पोत्याला साधारण कितीला पडतो, तेवढे नाना पेठेतल्या दादांनी कळवावे, म्हणजे मला खर्चाचा आकडा सोबत देता येईल.