२३ तारखेची बॅग: तुपाचं काय ते आजच ठरवा

प्रेषक: रामबागच्या ताई

नमस्कार इंदूरकर मंडळी,
खजिनदारकाका २३ला लेकीकडे फ्रँकफर्टला निघताहेत. त्यांनी माझ्या ग्योटिंगेनच्या मुलासाठी चार किलोची जागा देऊ केली होती. काल सामान घेऊन गेले, तर अर्ध्या किलोचा तुपाचा डबा आणि कढीलिंबाची जुडी वेगळी काढून माझ्याच हातात परत! कारण विचारलं, तर म्हणे, "लोणच्याचं विसरलात का?" लोणचं वेगळं, तूप वेगळं. थंडीत तूप दगडासारखं थिजलंय, झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे दिलेत. सांडेल कसं? तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगावं. आजच सांगावं, उद्या बॅग बंद होणार आहे.

प्रेषक: खजिनदार

ताई, बॅग माझी, वजन माझं, आणि लोणच्याच्या तेलाने गेला तो कोटही माझाच. पण सांडण्याचा मुद्दाच नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप दुधाचंच. कढीलिंबाला रोपांचा आरोग्यदाखला लागतो, डिसेंबर २०१९पासून. दाखल्याशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. नारळ द्या, आनंदाने नेतो. सेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि पोहे घेतले आहेत.

प्रेषक: सुदामानगरचे मामा

नारळ? तिकडे काय नारळ मिळत नाहीत? मी मुलीकडे म्युनिकला गेलो तेव्हा दोन किलो खव्याची मावाबाटी नेली होती. विमानतळावर कस्टमच्या हिरव्या वाटेने सरळ चालत बाहेर आलो, कुणी हटकलं नाही. नियम पुस्तकात असतात हो.
सेव कुठली घेतली? लौंग सेव असेल तर सराफ्याचीच घ्या.

प्रेषक: खजिनदार

मामा, हटकलं नाही म्हणजे चालतं असं नव्हे. हिरव्या वाटेने जाणं म्हणजेच 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं सांगणं. डबा सापडला तर तिथे उभा मी राहणार, तुम्ही सुदामानगरात पोहे खात असाल.

प्रेषक: राजेंद्रनगरच्या काकू

सराफ्यात रात्री गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जातात मामा, सेव घ्यायला नाही. सेव आमच्या कोपऱ्यावरची बघा एकदा.
मला जीरावनबद्दल बोलायचं आहे. घरची सुटी पुडी देऊ नका. नाव-गाव नसलेली तपकिरी पूड, वर काळ्या मिठाचा आणि हिंगाचा वास. त्या जर्मन माणसाला आमचूर आणि सुंठ कुठल्या भाषेत समजावणार? दुकानाचं बंद पाकीट द्या, छापील लेबलाचं.
आणि तुपातले बेसनलाडू चालतात का? पंधरा वळून झालेत म्हणून विचारते.

प्रेषक: ग्योटिंगेनहून

आई, काका, सगळ्यांना नमस्कार. माझ्याच बॅगेची चर्चा इथे रात्री अकराला वाचतोय.
आई, तूप नको, खरंच. मी इथेच कढवतो. लोण्याचं पाकीट अडीचशे ग्रॅमचं, ८२ टक्के स्निग्धांश. सुरुवातीला साध्या सायीचं आणायचो. तूप व्हायचं, पण वास नाही. मग कळलं की 'झाउअररामबुटर' नावाचं वेगळं पाकीट मिळतं, म्हणजे साय विरजून काढलेलं लोणी. ते मंद आचेवर ठेवलं, फेस खाली बसला, तळाशी बेरी तांबूस झाली आणि खोलीत आपल्या स्वयंपाकघराचा वास आला. एका पाकिटाचं साधारण दोनशे ग्रॅम होतं. बेरी साखर घालून मी उभ्यानेच खाल्ली.
फोडणीचं मात्र जपून करावं लागतं. खोलीत छताला धूर ओळखणारी घंटा आहे. परवा मोहरी तडतडली आणि ती वाजायला लागली. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, शेजारचा मुलगा दारात हसतोय.
खरी अडचण तुपाची नाहीच. २३ला मी रात्रीच्या बसने प्रागहून परत येतोय. जर्मनीचं मासिक तिकीट जानेवारी २०२६पासून ६३ युरो झालंय, पण लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही. साध्या गाडीने, कासेलला बदलून, फ्रँकफर्ट जवळजवळ चार तासांवर. म्हणून काका, बॅग तुमच्या लेकीकडे आठवडाभर राहील का?

प्रेषक: सुदामानगरचे मामा

प्राग? हा डॉक्टरेट करायला गेलाय की देशाटनाला?

प्रेषक: ग्योटिंगेनहून

मामा, परिषद आहे, पोस्टर लावायचं आहे. तिथल्या प्रसिद्ध चार्ल्स पुलावर जाईन, पण एकच संध्याकाळ. डॉक्टरेट झाली की कळेलच सगळ्यांना. इथे तोंडी परीक्षा झाल्यावर जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर चढून हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचं चुंबन घ्यायची पद्धत आहे. मी रोज तिच्या समोरून सायकलने खाली मान घालून जातो.

प्रेषक: रामबागच्या ताई

चुंबनाचं काय ते फोनवर सांग.
तूप परत डब्यात ओतलं. खजिनदारकाका, म्हणजे अर्ध्या किलोची जागा झाली. तिथे संक्रांतीच्या तिळाच्या वड्या बसतात. थापताना ताटाला फक्त तुपाचा हात लावलाय, तेवढ्याने काही होत नाही ना?

प्रेषक: खजिनदार

लेकीला विचारलं. बॅग आठवडाभर राहू शकते, पण जावयाला सेव फार आवडते, तेव्हा सेवेची हमी ती घेत नाही. चिरंजीवांनी लवकर यावं.
ताई, बॅगेला कुलूप लागलं. तरी वड्या संध्याकाळी घेऊन या, राजेंद्रनगरच्या काकूंनाही लाडू घेऊन यायला सांगा. काय न्यायचं आणि काय इथेच बसून संपवायचं ते चहा घेता घेता बघू.