अवॉर्ड, प्राइझ, रिवॉर्ड: तिन्हींना 'बक्षीस'च?

शहापूर (बेळगाव): मंडळाच्या कार्यक्रमाची इंग्रजी पत्रिका मराठीत करतोय. अवॉर्डला पुरस्कार, प्राइझला बक्षीस लिहिलं. अडलंय रिवॉर्डपाशी. सापडलेली अंगठी परत करणाऱ्या रिक्षावाल्याला पाकीट द्यायचंय. त्यानं शर्यत जिंकली नाही, मग बक्षीस कसं लिहू?

खानापूर: बक्षीस चालतं की. 'शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस' हे आपण वाचतच आलोय. मला खटकतो तो पुरस्कार. अवॉर्डच्या मुळाशी निकाल देणं आहे. आजोबांची जमीन धरणात गेली, तो कागद अजून ट्रंकेत आहे. वर मोठ्या अक्षरात 'अवॉर्ड', खाली गुंठे आणि रुपये. लहानपणी मला वाटायचं, आजोबांचा कुणीतरी सत्कार केला असणार. तो होता भूसंपादनाचा निवाडा.

निपाणी: आपल्याकडं खरी गुंतागुंत कन्नडमुळं. तिथं बहुमान म्हणजे बक्षीस, प्रशस्ती म्हणजे पुरस्कार. माझी लेक सांगत आली, "आई, धावण्यात दुसरा बहुमान!" पुण्याच्या आत्यानं लगेच टोकलं, बहुमान कधी दुसरा असतो का? लेकीचा चेहराच उतरला. मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

खानापूर: ताई, घरात बोलू दे की. पत्रिकेत नको. इथं मराठी जपायची तर अर्थही जपायला हवेत.

निपाणी: गुरुजी, बक्षीस फारसी, इनाम अरबी. ते चालतात, मग शेजारच्या घरातलं का नको? आणि बहुमान तर दोघांनी संस्कृतातूनच घेतलाय.

चिकोडी: इनाम म्हटलं की आमच्यात आधी जमीन आठवते, कुस्तीच्या फडात मात्र रोख रक्कम. प्राइझचंही तसंच. बक्षिसाचा प्राइझ 'प्राइस'च्या, म्हणजे किमतीच्या घरातला. युद्धात हाती लागलेला प्राइझ 'पकडलेलं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. पेशवाई बुडाली त्या १८१७-१८च्या युद्धातल्या लुटीच्या वाटणीला इंग्रज 'डेक्कन प्राइझ मनी' म्हणत.

खानापूर: राणी चन्नम्मांचं कित्तूरही घ्या. १८२४ मध्ये धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे यानं तिथल्या खजिन्यावर पहारे बसवले, तिथून लढाई पेटली. त्या धनाला लूट म्हणायचं. प्राइझ हा जिंकणाऱ्याचा शब्द.

शहापूर: रिवॉर्डचं राहिलंच. 'रिगार्ड'शी त्याचं नातं आहे, म्हणजे बघणं, दखल घेणं. पाकिटावर 'प्रामाणिकपणाची दखल' लिहू?

चिकोडी: ट्रेझरला कुणी निधीही लिहील, पण कित्तूरला खजिनाच म्हणा, निधी नको. निधी म्हटलं की आता आमदार निधीच आठवतो. १८७८च्या कायद्यातल्या ट्रेझर ट्रोव्हला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या सापडलेल्या धनाला, मराठीत 'निखात निधी' म्हणतात खरं, पण नांगराला हंडा लागला तर आमच्यात 'गुप्तधन'च म्हणतील.